उसनं रक्त

डॉक्टरांनी मटण बंद करून सहा महिने झाले, तरी थोरल्याने एक रविवार सोडला नव्हता. पुन्हा तपासणीची वेळ आली, तेव्हा त्याने शक्कल लढवली. रक्त घ्यायला घरी येणारा माणूस नवा होता, तो कुणाला ओळखतोय? थोरल्याने सरळ धाकट्याला खुर्चीत बसवलं.

"दादा, हे बरं नाही. वहिनींना कळलं तर?"

"ती बाजारात गेलीय. जन्मभर पालापाचोळा चघळलास, ना चव कळली, ना अंगात दम आला. निदान तुझं ते सपक रक्त तरी माझ्या कामी येऊ दे."

धाकट्याने बाही वर केली.

दुसऱ्या दिवशी थोरला नळी चोखत जेवत असताना बायको फोन घेऊन आली. तिचा चेहरा उतरला होता.

"डॉक्टर होते. म्हणाले, कोलेस्टेरॉल भलतंच वाढलंय. एवढं नुसत्या खाण्याने होत नाही, घराण्यातच असणार. जड काम अजिबात नको, आजच्या आज घेऊन या म्हणाले. आता तरी ठेवा ते हाड खाली."

थोरल्याच्या हातातून नळी ताटात पडली.

"धाकटा कुठाय?"

"भावोजी? असं काय करता? हमाल आले नाहीत म्हणून तुम्हीच नाही का त्यांना सकाळी वखारीत ओंडके उतरवायला जुंपलंत?"

थोरला खरकट्या हातानेच वखारीकडे धावत सुटला.