दुरुस्तीची पाटी

साडेबाराला एकशे चार माणसं मेलला जोडलेली होती आणि श्यामकांतला त्यातलं एकही सुटू द्यायचं नव्हतं.

परळच्या जुन्या गिरणीच्या आवारात आता काचेची इमारत उभी होती. तिच्या तिसऱ्या मजल्यावर जहाजांच्या मालाची कागदपत्रं करणारी कंपनी होती आणि श्यामकांत त्या कंपनीचा मेल सर्व्हर सांभाळायचा. सर्व्हरची डिस्क आज बदलायची होती. तेवढा वेळ शेजारचं छोटं मशीन सगळ्यांना सांभाळेल, कुणाला पत्ताही लागणार नाही, असं तो साहेबांना छातीठोकपणे सांगून बसला होता. दोन वाजता एक जहाज सुटणार होतं आणि त्याचे कागद मेलवरूनच जायचे होते. "मेल तुटली तर तुझ्या कायम होण्याचं आपण पुढच्या वर्षी बोलू," साहेब हसत म्हणाले होते.

सूचनेची मेल त्याने कालच पाठवली होती. पण सूचना वाचणारा माणूस या कंपनीत अजून नोकरीला लागायचा होता. म्हणून त्याने ती कागदावर छापली आणि गुणाजीकाकांच्या हातात दिली. काका ऑफिसचे शिपाई. चहा घेऊन ते प्रत्येक टेबलापाशी जात आणि त्यांचं म्हणणं सगळे ऐकत. खांद्याला डब्याची कापडी पिशवी कायम अडकवलेली. पँट्रीत डब्यांसाठी चांगलं कपाट होतं, पण चहा वाटतानाही काकांची पिशवी खाली उतरत नसे. पोरी त्यावरून त्यांची भरपूर थट्टा करत.

"काका, एवढंच सांगा सगळ्यांना. वीस मिनिटं मशीनची दुरुस्ती आहे. मेल बंद करू नका, जोडलेले राहा. पासवर्ड मागितला तर एकदा द्या. बस्स."

काकांनी कागद वाचला. पुन्हा वाचला.

"दुरुस्तीसाठी?"

"हो."

"बरं," म्हणाले आणि ट्रे उचलून गेले.

साडेबाराच्या ठोक्याला श्यामकांतने सगळ्यांना छोट्या मशीनवर सरकवलं. एकशे चारच्या एकशे चार. स्वतःवर खूश होत त्याने जुन्या मशीनचं झाकण उघडलं, डिस्क बाहेर काढली. तेवढ्यात शेजारच्या छोट्या मशीनचा पंखा घरघरायला लागला.

पडद्यावरचे आकडे पाहून तो चक्रावला. जेवणाची वेळ. एरवी या वेळी अर्धं ऑफिस डबे उघडून बसलेलं असतं. आज एकूण एक माणूस कामाला लागला होता, आणि काम तरी कसलं! चार-चार वर्षांपूर्वीची मेल उपसून जो तो आपल्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर ओढत होता. व्हायरस म्हणावं तर तसं काही दिसेना. केबल ठीक होत्या. त्याने यादी तीनदा तपासली. आपलं काय चुकलं ते त्याला काही केल्या उमगेना. छोट्या मशीनला एवढा भार पेलेना. एकशे चारचे नव्वद झाले, नव्वदचे चाळीस झाले. एकला पाच कमी असताना पडद्यावर शून्य आलं.

तो धावतच बाहेर आला. पहिल्याच टेबलावर सुमतीताई हवालदिल होऊन बसल्या होत्या.

"ताई, करताय काय तुम्ही सगळे?"

"काय म्हणजे? तूच निरोप धाडलास ना गुणाजींबरोबर? जे आपलं असेल ते आत्ताच्या आत्ता काढून घ्या म्हणून! माझं निम्मं राहिलं रे आत."

नवी डिस्क बसून सगळं पूर्ववत व्हायला दीड वाजून गेला. जहाजाचे कागद दोनला दहा कमी असताना कसेबसे गेले. "पुढच्या वर्षी बोलू या ना मग?" साहेबांनी फोनवर एवढंच विचारलं. या वेळी ते हसत नव्हते.

काका पँट्रीत कप विसळत होते. खांद्यावर पिशवी.

"काका, कागदावर काय लिहिलं होतं आणि तुम्ही सांगितलंत काय?"

"लिवलेलं तेच सांगितलं, शामराव. वर एक माझ्या मनचं सांगितलं."

"पण का?"

काकांनी नळ बंद केला. "खाली तुमच्या गाड्या लावतात ना, तिथं गिरणीचं गेट होतं. संप फिसकटल्यावर वर्षभराने मला परत घेतला. कापड विणायच्या साच्यावर उभा राहिलो. एक दिवस सकाळी येतो तर पाटी. यंत्रांच्या दुरुस्तीसाठी गिरणी आठ दिवस बंद. रोज गेटवर हजेरी द्या, नाव कमी होणार नाही. रोज आलो. चार महिने आलो. डबा माझा आत कपाटातच राहिला. बायकोने नवीन घेतलेला."

"अहो, पण ही वीस मिनिटांची गोष्ट होती!"

"तेच तर," काका म्हणाले. "तेव्हा आठ दिवस म्हणाले होते. मला वाटलं, हल्ली सगळंच लवकर होतं."

श्यामकांतला ओरडायचं होतं. राग तर डोक्यात मावत नव्हता, पण तो नेमका कुणावर काढायचा ते त्याला कळेना. साहेबांना संध्याकाळपर्यंत कारण लिहून द्यायचं होतं. त्या कागदावर काय लिहायचं तेही कळेना. तो जागेवर जाऊन नुसताच बसला. पडद्यावर पुन्हा एकशे चार दिसत होते.

शेवटी त्याने एक कागद छापला आणि काकांना हाक मारली. "हे दारावर लावा."

'दुरुस्ती पूर्ण झाली. मेल सुरू आहे.'

काकांनी काचेच्या दारावर कागद लावला, चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी मारली. मग दोन पावलं मागे सरून तो वाचला. पुन्हा वाचला.

"बंदच्या पाट्या लय वाचल्या, शामराव," ते म्हणाले. "ही पहिलीच."

तीनच्या चहाची वेळ झाली होती. काकांनी ट्रे उचलला. पिशवी खांद्यावरच होती.