तीनशे मीटरच्या आत

"सहा मिनिटांत जमेल तेवढं जास्त चालायचं, काका. पळायचं नाही. दम लागला तर थांबा, भिंतीला टेका. घड्याळ मात्र थांबणार नाही."

कागदावर होतं ते मुलीने शब्दन् शब्द वाचून दाखवलं. ती मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला होती. उन्हाळ्याच्या सुट्टीतली आठ आठवड्यांची संशोधन फेलोशिप, त्यातला हा सातवा आठवडा. दवाखान्याच्या मागच्या कॉरिडॉरमध्ये तीस मीटर अंतरावर दोन नारिंगी शंकू ठेवले होते आणि मध्ये फरशीवर दर मीटरला एक चिकटपट्टी.

काका निवृत्त लिफ्टमन. हृदय थकलेलं. जुन्या गोळ्यांनी हात टेकले, म्हणून त्यांच्या डॉक्टरांनी त्यांना एका नव्या गोळीच्या चाचणीसाठी इकडे पाठवलं होतं. त्या गोळीची खात्री कुणीच देत नव्हतं, पण दुसरं देण्यासारखंही काही उरलं नव्हतं. सहा मिनिटांत ज्यांचं चालणं तीनशे मीटरच्या आत राहतं, तेवढेच रुग्ण चाचणीत घ्यायचे होते. हा आकडा रुग्णाला आधी सांगायचा नाही, असा नियम होता.

"माझा जन्म गेला वर-खाली करण्यात," काका बुटाची नाडी आवळत म्हणाले. "सरळ चालायची परीक्षा पहिल्यांदाच."

"घरी मोरीपर्यंत जाताना दोनदा बसतात," काकू खुर्चीवरून म्हणाल्या. त्यांच्या मांडीवर पाण्याची बाटली आणि काकांच्या चष्म्याचं घर होतं. "इथे बघा, कसे नवरदेवासारखे उभे आहेत."

मुलीने घड्याळ सुरू केलं. काका निघाले.

पहिलं मिनिट झालं. तिने कागदावरचं वाक्य म्हटलं, "छान चालताय. पाच मिनिटं राहिली." दुसऱ्याला, "असंच चालू ठेवा. चार मिनिटं राहिली." याखेरीज एक शब्दही बोलायचा नव्हता. आवाज चढवायचा नाही, उतरवायचा नाही, मानसुद्धा डोलवायची नाही. उत्तेजन दिलं की माणसं जास्त चालतात, आणि मग मोजलं जातं ते उत्तेजनच.

तिसऱ्या मिनिटाला सहा खेपा पुऱ्या झाल्या. एकशे ऐंशी मीटर. तिने मनातल्या मनात दुप्पट केली. 'सावकाश, काका' एवढे दोन शब्द तिच्या ओठांवर आले. तिने ते गिळले आणि कागद वाचला. "छान चालताय. तीन मिनिटं राहिली."

मग काका मंदावले. ओठांवर निळसर छटा आली, त्यांनी भिंतीला हात लावला. मुलीला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लगेच लाज वाटली. तेवढ्यात काकांनी हात काढून घेतला.

"बघतेस काय," ते काकूंना धापा टाकत म्हणाले. "पंधरा दिवस गॅलरीत तयारी केलीय."

"अगंबाई! मी दुपारी जरा पडले की यांच्या येरझाऱ्या सुरू. मला वाटलं, फोनवर कुणाकडे तरी माझ्या कागाळ्या चालल्यात."

काकांना हसायला श्वास नव्हता. ते चालत राहिले.

"थांबा."

मुलीने त्यांच्या बुटांपुढे खडूने रेघ मारली आणि खुर्ची पुढे केली. दहा खेपा, वर सहा मीटर. तिने गुडघ्यांवर बसून पट्ट्या पुन्हा मोजल्या. सहाच. कॉरिडॉरमध्ये चौथं माणूस नव्हतं. एक खेप मोजायची राहून गेली असती, तर आकडा झाला असता दोनशे शहात्तर. अशी चूक कुणाकडूनही होते.

तक्त्यावर तीन चौकोन होते. तिने तीन, शून्य, सहा लिहिलं.

"किती?" काकांनी विचारलं.

"तीनशे सहा."

"पास ना?"

मुलगी तशीच फरशीवर बसून राहिली. त्यामुळे तिला मान वर करून बोलावं लागलं.

"काका, ज्यांना तीनशेच्या आत थांबावं लागतं, ती गोळी फक्त त्यांच्यासाठी आहे."

काकांना ते कळायला थोडा वेळ लागला. बोटाला लावलेल्या, ऑक्सिजन मोजणाऱ्या चिमट्यावर लाल आकडे हळूहळू वर येत होते.

"म्हणजे मी जास्त चाललो."

"हो."

"मग परत घे की. या वेळी रमतगमत चालतो."

"एकदाच घेता येते, काका."

"आधी बोलली असतीस तर..."

"बोलली असती तरी तुम्ही काय हळू चालणार होतात?" काकू मध्येच म्हणाल्या. "बघायला माणूस असलं की अंगात येतं तुमच्या. तिला कशाला बोल लावता?"

काकांनी चिमटा काढून मुलीच्या हातात दिला.

"तीनशे सहा," ते म्हणाले. "एवढं कागदावर लिहून दे, बाळ."

तिने एका चिठ्ठीवर आकडा लिहिला, खाली तारीख घातली आणि सही केली. काकूंनी चिठ्ठी हातभर लांब धरून वाचली, घडी घातली आणि चष्म्याच्या घरात ठेवली.

दोघं लिफ्टकडे निघाले. मुलगी शंकू उचलायला गेली, पण पलीकडच्या शंकूपाशीच काका थांबले होते. पाठ भिंतीला, डोळे मिटलेले. काकू शेजारी उभ्या राहिल्या. त्यांनी काकांचा हात धरला नाही, घाईही केली नाही.

काही वेळाने, आवाज न चढवता, न उतरवता, त्या म्हणाल्या, "छान चालताय. थोडंच राहिलंय."