मोबदल्यात आलेली गावं

"ही कसली गावं? नुसता चिखल आणि दगड! माझ्या लाकडाचं हेच मोल केलं शलमोनानं?" रथातून न उतरताच सोरचा राजा हिराम कडाडला. यरुशलेमच्या मंदिरासाठी त्यानं गंधसरूची जंगलंच्या जंगलं तोडून दिली होती आणि शलमोन राजानं मोबदल्यात गालीलमधली ही गावं दिली होती.

मग त्याचं लक्ष वेशीकडे गेलं. नव्या राजाच्या स्वागताला अख्खा गाव नटूनथटून उभा होता. रस्ता झाडलेला होता, बैलसुद्धा धुतलेले होते. त्याचा शब्दन्‌शब्द सगळ्यांनी ऐकला होता.

पाण्याचं मडकं घेऊन मिल्का नावाची म्हातारी पुढे आली. "महाराज, आमच्या राजानं आम्हाला देऊन टाकलं. तुम्हालाही आम्ही नको. मग आता आम्ही कुणाचे, ते तरी सांगा."

ओशाळून हिराम रथातून उतरला, पाणी प्यायला. म्हातारीकडे बघायचा त्याला धीर होईना.

"गावं ठेवायची की परत करायची, महाराज?" कारभाऱ्यानं विचारलं.

"परत," तो पुटपुटला.

"ऐकू आलं नाही, महाराज."

मग ते त्याला मोठ्यानं, सगळ्या गावादेखत सांगावं लागलं.