बद्रीनाथ सरांचं लॉगिन

कोडमधून सॉफ्टवेअर तयार करणारं बिल्ड सकाळपासून सातव्यांदा फेल झालं. नव्या सर्व्हरवर लाल अक्षरं आली आणि तनुजाने कपाळावर हात मारला. साखर कारखान्यांच्या वजनकाट्याचं हे सॉफ्टवेअर आता माणसाशिवाय, आपोआप तयार व्हायला हवं होतं. बद्रीनाथ सर आपल्या लॉगिनमधून चालवायचे तेव्हा तेच बिल्ड मुकाट्याने पूर्ण व्हायचं. आणि सर आज निवृत्त होत होते.

"म्हाताऱ्याने काहीतरी दडवून ठेवलंय," चिकलठाण्याच्या त्या ऑफिसातले मॅनेजर म्हणाले होते. "चार वाजता निरोप समारंभ आहे. तोवर छडा लाव, नाहीतर मी सगळ्यांसमोर विचारणार." खरं सांगायचं तर तनुजालाही तसंच वाटत होतं, आणि तसं वाटण्याची लाजही वाटत होती.

कारण काम ती सरांच्याच हाताखाली शिकली होती. बारा वर्षांपूर्वी ती गंगापूरहून जीपने यायची तेव्हा ऑफिस म्हणजे गुलमंडीवरची एक खोली, एक कॉम्प्युटर आणि दोन खुर्च्या. एकाने टाइप करायचं, दुसऱ्याने शेजारी बसून चुका काढायच्या आणि वर चहाही सांगायचा. फार सुखाचे दिवस होते ते! मग पुण्याची नोकरी आली आणि ती धड निरोपही न घेता गेली. गेल्या दिवाळीनंतर टीमची प्रमुख होऊन परतली, पण सरांशेजारी बसणं काही झालं नाही.

ती त्यांच्या टेबलापाशी गेली. "सर, तुमच्या लॉगिनला काहीतरी सापडतंय, ते नव्या सर्व्हरला सापडत नाही. तुम्ही काही ठेवलंय का त्यात?"

सरांनी चष्मा काढला. "मला असं विचारायलीस व्हय?" ते उठले आणि खुर्ची तिच्यापुढे सरकवली. "बस. तूच बघ."

लॉगिन होताच चालणारी सेटिंगची फाईल तिने उघडली. तिच्यात जे लिहावं ते त्या लॉगिनमधून सुरू होणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला मिळतं. दुसऱ्याच्या लॉगिनला त्याचा पत्ताही नसतो. तळाशी एका फोल्डरचा रस्ता होता. नवा सर्व्हर सकाळपासून तोच मागत होता. त्या ओळीच्या वर इंग्रजी अक्षरांत टीप होती: "सध्यापुरतं टाकलंय. उद्या काढते. तनुजा." पुढे बारा वर्षांपूर्वीची तारीख.

तिचे कान तापले. "सर, ही मशीन तर नवी आहे. माझी ओळ इथे कशी?"

"पाच मशिनी बदलल्या. दर टायमाला उचलून ठिवली."

"पण कशाला? काढून का नाही टाकली?"

"तू उद्या काढते म्हणलीस की," सर म्हणाले. "म्हणलं, तेवढ्यासाठी तरी येशील."