हॅरीच्या आईचं पार्किन

देवाशपथ सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर उद्यापासून माझा चहा बिनसाखरेचा. मी समोर सोफ्यावरच बसले होते.

माझ्या सुनेने, नीताने, बॅग उघडली आणि दोह्याच्या फरीज बिन ओमरानमधल्या आमच्या बिल्डिंगची लिफ्ट आपोआप चौथ्या मजल्यावर येऊन थांबली. नुसत्या वासाने. इंग्लंडात लीड्सला माझ्या थोरल्या नातीचं, गार्गीचं, ग्रॅज्युएशन होतं, ते आटपून नीता त्याच सकाळी परतली होती. सतरंजीवर एकेक वस्तू बाहेर यायला लागली. शॉर्टब्रेड, म्हणजे आपल्या नानकटाईने लाजून तोंड लपवावं असं बिस्किट. सायीच्या बर्फीसारखी मऊ फज. पुदिन्याची पांढरी वडी, ती खिशात टाकून तिकडचे लोक डोंगर चढतात म्हणे. मी अर्धीच खाल्ली, तरी माझा गुडघा दुखायचा थांबला.

"हे सगळं अल हिलालच्या सुपरमार्केटात मिळतं गं," विजय म्हणाला. विजय माझा मुलगा.

"मग शुक्रवारच्या सुट्टीत तिथूनच आणून खा," नीता म्हणाली. "याला हात लावू नका."

हॅरीचं मात्र बिस्किटांकडे लक्षच नव्हतं. हॅरी विजयच्या ऑफिसातला इंजिनियर. पन्नाशीचा, सव्वासहा फूट उंच, आणि खुर्चीच्या टोकावर शाळेतल्या पोरासारखा बसलेला. फुटबॉलचा वर्ल्ड कप चार महिन्यांवर आला होता आणि स्टेडियमच्या कामावरच्या सगळ्यांच्या रजा खलास. आधीची दोन वर्षं करोनाने खाल्ली. त्याची ब्याऐंशी वर्षांची आई लीड्सजवळच्या एका गावात एकटीच राहायची.

नीता निघाली तेव्हा तो तिला म्हणाला होता, "फोनवर ती ठीक आहे म्हणते. पाय मोडला तरी ठीकच म्हणेल. तिला पार्किन करून द्यायला सांगा. ते खाल्लं की मला खरं कळेल."

पार्किन म्हणजे आलं, ओट आणि काळी काकवी घातलेला केक. आपल्या आलेपाकाचा थोरला भाऊ. तिकडे ते नोव्हेंबरात करतात. हॅरीच्या आईने ऐन जुलैत केलं.

नीताने जाताना त्या आईसाठी बेसनाचे लाडू भरून नेलेला स्टीलचा डबा हॅरीपुढे ठेवला. तिकडच्या विमानतळावर बॅग तीन किलो जास्त भरली, तेव्हा तिने स्वतःचा चहा आणि मार्मालेडच्या दोन बाटल्या गार्गीच्या हातात परत दिल्या होत्या. डबा मात्र सात तास मांडीवर घेऊन आली. झोपतानाही सोडला नाही.

हॅरीने एक तुकडा तोंडात टाकला. दोनदा चावला आणि थांबला.

"हे आईचं नाही."

"म्हणजे काय?" नीता म्हणाली. "मी काय विमानात बदललं?"

"तसं नाही. केलंय तिनेच. पण काहीतरी घालायला विसरलीय." त्याने उरलेला तुकडा बशीत ठेवला. "आजवर चव कधी बदलली नाही. म्हणजे ती विसरायला लागली."

"प्रवासात होतं रे असं," विजय म्हणाला.

"याचं होत नाही. हे जितके दिवस राहील तितकं मुरतं."

विजय उगाच एसीच्या रिमोटची बटणं दाबत बसला. माझी धाकटी नात ईश्वरी तेवढ्यात डब्यात हात घालून मोठा तुकडा शोधत होती.

"ममा, देअर्स अ लेटर."

खालच्या बटर पेपरच्या घडीत चिठ्ठी होती. हॅरीने ती उलगडली, पहिली ओळ वाचली आणि कागद ईश्वरीकडे दिला. "तू वाच. मोठ्याने." तिने इंग्रजीत वाचली, विजयने मला मराठीत सांगितली, ती अशी:

'हॅरी, साठ वर्षांत पहिल्यांदा हे डुकराच्या चरबीशिवाय केलं. तू राहतोस त्या देशात ती चालत नाही आणि ज्या बाईच्या मांडीवर हा डबा येणार आहे तिलाही चालत नाही. ती अंडंही खात नाही म्हणाली, म्हणून तेही नाही. चव वेगळी लागेल. लगेच फोन करून आई तुला काय झालं असं विचारू नकोस. मला काही झालेलं नाही. यांच्यात डबा रिकामा परत देत नाहीत म्हणे. आपल्यातही देत नाहीत, तुला माहीतच आहे. लाडू मी एकटीने खाल्ले. शेजाऱ्यांना दाखवलेसुद्धा नाहीत.'

बाहेर वर्ल्ड कपसाठी रस्ता खणून ठेवला होता. खिडकी उघडी होती. वाऱ्याबरोबर भसकन धूळ आत आली आणि हॅरीच्या डोळ्यांत गेली. दोन्ही डोळ्यांत. रुमालाने तो बराच वेळ पुसत होता.

मग त्याने बशीतला तुकडा उचलून खाल्ला. त्यानंतर आणखी एक.

"म्हणजे हे मलाही चालेल," नीता म्हणाली आणि तिने डब्याकडे हात नेला.

हॅरीने डबा स्वतःकडे ओढला. "एकच," तो म्हणाला.

"अगदी आईवर गेलाय," नीता मला म्हणाली.

तर असं झालं. लिफ्ट थांबली, गुडघा थांबला, चिठ्ठी जशीच्या तशी. फक्त एक गोष्ट मी पदरची घातली. जुलैतलं दोह्याचं ऊन, एसी चालू.

खिडकी बंद होती.