चुकलेले ठोके

२०२३ सालची गोष्ट. त्या वर्षी हर्षद परबला चारकोपच्या व्यायामशाळेच्या संघात शेवटची जागा मिळाली आणि त्याच महिन्यात अंधेरीच्या ऑफिसने त्याला टीम लीडर केलं. दोन्ही गोष्टींची त्याने वर्षानुवर्षं वाट पाहिली होती. आल्या त्या एकदमच.

ऑफिस अमेरिकेच्या घड्याळावर चालायचं. संध्याकाळी जायचा, पहाटे परतायचा. व्यायाम दुपारी. धावणं, वाळूची पोती खांद्यावर घेऊन उठबस, जाड दोर ओढणं. डिसेंबरात पुण्याला याच प्रकारांची सांघिक स्पर्धा होती.

व्यायामशाळा औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात होती. सेक्टरमधली घरं नवी होती तेव्हा त्या गाळ्यांतून लेथ मशीनचा आवाज यायचा. आता गाण्यांचा दणदणाट येतो.

तिथले कुंडलिक सर कडक. रोज सकाळी अर्धा तास चालायचंच, हा त्यांचा नियम. ते स्वतः बघायला येत नसत. मुलांच्या मनगटावरची घड्याळं पावलं आणि नाडी परस्पर त्यांच्या फोनवर पाठवायची. जो चुकेल त्याची जागा केतनला. केतन राखीव होता आणि तयारच बसलेला होता.

"सर, मी घरीच पहाटे येतो," हर्षद म्हणाला.

"मग ये आणि चाल. झोप काय पळून चाललीय?"

हर्षदची बायको रुचिरा बोरिवलीला सकाळच्या शाळेत शिकवायची. तो यायचा तेव्हा ती निघायच्या गडबडीत असायची.

"डोळे बघ तुझे. झोप रे आज."

"चालून आलो की झोपतो. तू नीघ, रिक्षा मिळायची नाही."

"तुझ्या ऑफिसातला तो माणूस खुर्चीतच गेला ना मागच्या वर्षी? तुझ्याच वयाचा होता."

"तो सिगारेटी ओढायचा गं."

दुपारी ती परत येई तेव्हा हर्षद नुकताच उठलेला असायचा आणि त्याची आई, रत्नप्रभा, त्याच्यापुढे उकडलेली अंडी ठेवत असायची. रत्नप्रभा मूळची मालवणकडची. नवरा गिरणीत होता, गिरणी गेली, पुढे नवराही गेला. एवढ्याशा पोराला तिने वाढवलं होतं.

"मीठ नाय, तेल नाय. ह्या काय जेवण झाला?" ती म्हणायची. "आजाऱ्याक तरी बरा वाढतत."

"आई, झालं ना सकाळचं?" तो ताटात बघत विचारायचा.

"झाला सगळा. तू जेव."

नोव्हेंबरात सरांनी सगळ्यांसमोर हर्षदची पाठ थोपटली. "केतन दोनदा चुकला. हा पठ्ठ्या एकदाही नाही! फक्त सकाळी कासवासारखा चालतोस रे. काय, भाजी निवडत फिरतोस काय?"

सगळे हसले. हर्षदही हसला. "अंग आखडलेलं असतं सर."

त्यानंतरच्या आठवड्यात सरांचा फोन आला. हर्षद जेवत होता. रुचिरा वह्या तपासत होती. त्याने फोन स्पीकरवर टाकला.

"हर्षद, बस जरा. तुझी नाडी मला बरी दिसत नाही. सकाळच्या वेळी मध्येच ठोका चुकतो, मग एकदम धावत सुटते. आज पुन्हा तेच. डॉक्टरकडे जा. तोवर पोती नाही, धावणं नाही. फक्त सकाळचं चालणं ठेव."

रुचिराच्या हातातला लाल पेन खाली पडला. रत्नप्रभा ओट्याला टेकून उभी राहिली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मी सांगत होते," रुचिरा म्हणाली. "रात्र रात्र जागतोस, दिवसभर दोर ओढतोस. एक काहीतरी सोड."

"काय सोडू? नोकरी? हप्ता कोण भरणार?"

"मग ते तरी सोड!"

हर्षदने ताट बाजूला सारलं. रुचिरा डॉक्टरांचा नंबर शोधायला आत गेली, तेव्हा त्याने हळूच विचारलं, "आई, सकाळचं काय करायचं?"

"चालू ठेव. नायतर तो केतन बसलोच हा टपून." तिने त्याच्या केसांवरून हात फिरवला. "घाबरू नको. देवीक नारळ बोललंय मी."

तपासण्या झाल्या. छातीला तारा लावल्या, पट्ट्यावर पळवलं, रक्त काढलं. ते दोन दिवस रत्नप्रभाने अन्न घेतलं नाही. रुचिरा झोपलेल्या हर्षदच्या छातीला कान लावून बसायची.

डॉक्टर रिपोर्ट बघून हसले. "घोड्याचं हृदय आहे. पळा खुशाल. असल्या घड्याळांवर विश्वास ठेवायचा तर आमचे दवाखाने कशाला?"

रुचिरा दवाखान्यातच रडली. रत्नप्रभाने अख्ख्या मजल्यावर पेढे वाटले. शेजारच्या माधुरीताई म्हणाल्या, "तुम्हीच किती दमलात हो. जिना चढताना धाप लागते."

"काळजीने गो. आता बरा वाटात."

डिसेंबरात चारकोपचा संघ पुण्याला तिसरा आला. सर म्हणाले, शिस्त आहे म्हणून पदक आहे, पुढच्या वर्षी सुवर्ण. नियम तोच राहिला.

कुंडलिक सरांनी पुढे भांडुपला दुसरी शाखा काढली. केतन तिथे शिकवतो. रुचिरा तिच्या शाळेत पर्यवेक्षिका झाली. हर्षद अजून त्याच ऑफिसात आहे. त्या गाळ्याच्या रस्त्याने तो जात नाही, वळसा घालून जातो.

रत्नप्रभा मात्र स्पर्धेनंतरच्या फेब्रुवारीतच गेली. सकाळी सेक्टरच्या बागेला फेऱ्या मारताना ती कठड्यावर बसली, ती उठलीच नाही. माधुरीताई धावत आल्या तेव्हा हात गार पडला होता. हर्षद घरी गाढ झोपेत होता आणि त्याचं घड्याळ, रोज सकाळी असायचं तसं, आईच्या मनगटावर होतं.