देवदाराची दुपार

मंगळावरच्या वसाहतीतला एकुलता एक देवदार सुयांच्या टोकांकडून करपत चालला होता आणि संचालक पेठे दिवे आणखी वाढवायला सांगत होते.

“दुपारी प्राणवायू घसरतो, हेमांगीबाई. तुमचं झाड कामचुकार झालंय.”

“सकाळी ते मान मोडून काम करतं, साहेब. दुपारी दिव्यांचा ताप वाढला की सुयांवरची छिद्रं मिटून घेतं. आता उजेड वाढवलात तर जळेल.”

“दिवे कमी केलेत तर नोकरी जाईल.”

हेमांगीने त्यांच्यादेखत दिवे मंद केले. मग आजोबांच्या पुण्यातल्या दुकानाची, इतकी वर्षं जपलेली पत्र्याची पाटी तिने बुंध्याला टांगली: ‘दुपारी एक ते चार बंद.’

खाली खडूने लिहिलं, ‘संचालकांसाठीसुद्धा.’